खराब कागद

देगलूरच्या तहसीलसमोर, आता जिथं झेरॉक्सचं दुकान आहे,
तिथं शिवमूर्तप्पांचं टेबल होतं.
तीन पाय लाकडाचे, चौथा विटांचा.
टायपिंगची परीक्षा पास होऊन मी त्यांच्याकडे लागलो
तेव्हा पहिल्या दिवशी मशीनला हात लावू दिला नाही.
म्हणाले, चल, आधी तंबाखू आणू.

लक्ष्मव्वा बाजारात पोत्यावर बसायची. पुढ्यात चार ढीग:
एक निपाणीचा, एक मदनूरकडचा, एक नुसताच काळा,
आणि एक, ज्याचं नाव ती सांगत नसे.
शिवमूर्तप्पा ढिगापुढं उकिडवे बसत,
अर्जदाराची हकीकत ऐकायला बसावं तसे.
चिमूट घेत, दाबत, सोडून देत.
सुटल्यावर हळूहळू उघडली पाहिजे म्हणायचे,
झोपलेल्या पोराच्या मुठीसारखी.
लगेच भुगा झाला तर मागच्या सालची.
उघडलीच नाही तर गुळाचं पाणी मारलंय, वजनाला.
मग कानाशी नेऊन चोळत.
"काड्या ऐकू येईनात का तुला?"
मला काहीच ऐकू यायचं नाही.
लक्ष्मव्वा तोंडाला पदर लावून हसायची
आणि हसता हसता दांडी मारायची.
त्यांना ते माहीत होतं. तेवढा हसण्याचा भाव, म्हणायचे.

डबा बिस्किटांचा, पत्र्याचा.
चैतात तंबाखू कुरकुरीत होई, म्हणून आत बटाट्याची एक चकती.
लिंबाचं साल नको. लिंबू भांडतं.

कागद विकत घ्यायचा नाही.
अर्जाच्या तिसऱ्या प्रतीचा तो पातळ कागद,
कांद्याच्या पापुद्र्यासारखा,
त्यातला खराब झालेला घ्यायचा,
चार बोटं रुंद फाडायचा.
पट्टी लावून सरळ फाटत नाही तो, थुंकी लावून फाटतो.

माझी आई देवळासाठी वाती वळायची, मांडीवर.
मला वाटलं, तसंच असेल.
नव्हतं.
अंगठे पुढं, तर्जन्या मागं,
आणि कागदाला कळता कामा नये.
माझी पहिली मधेच फुगली. दुसरी हातात सुटली.
तिसरी त्यांनी पेटवली, ओढली,
गाल आत गेले, धूर आलाच नाही.
"दाबून भरलास रे.
लोकं बी असंच सांगतात, समदं एका दमात,
बांध, भाऊबंद, सासुरवाडी.
थोडं काढून ठेवावं लागतं,
नाहीतर साहेबाला ओढ बसत नाही."

दीड महिन्यानं मशीनवर बसवलं.

नांदेडच्या डॉक्टरनं बंद करा म्हटल्यावर
त्यांनी ओढणं बंद केलं, वळणं नाही.
रोज सात. टेबलाच्या कडेला ओळीनं मांडून
तारखेला आलेल्यांना एकेक द्यायचे.
बायकांनाही विचारायचे. काहीजणी घ्यायच्या,
पदराआड, झाडामागं जाऊन.
शेवटची कानावर ठेवून स्वतः घरी जायचे
आणि सकाळी तशीच परत आणायचे.

मी कधी ओढली नाही. तरी बाजाराच्या दिवशी
लक्ष्मव्वाच्या सुनेपुढं उकिडवा बसतो,
चिमूट कानाशी नेतो.
"घ्यायची का न्हाई?"
थांब जरा, म्हणतो.

परवा त्यांचा मुलगा डबा देऊन गेला.
घरात कुणाला वास सहन होत नाही म्हणे.
चकती वाळून काळा खडा झालेली.
तळाशी एक, वळलेली.
नखानं चिकटलेली कड सोडवली. भुगा पडला,
मागच्या कुठल्या सालचा कोण जाणे.
कागदावर निळसर कार्बनची अक्षरं, माझ्याच मशीनची,
तिचा 'र' नेहमी ओळीखाली उतरायचा:

मेहेबरान तहसीलदार साहेब यांचे सेवेशी

आणि पुढं कोरं. इथंच मी कागद उपसून टाकला असणार.

संध्याकाळी टोपली रिकामी दिसायची.
मला वाटायचं, हात बसला.