उतारी

केतकीनं ॲप परत टाकून दिलं.
पासवर्ड तिलाच आठवला,
तिचंच नाव होतं ते, पाळण्यातलं,
आणि पुढं माझ्या जुन्या लुनाचा नंबर.

रात्रीचे साडेअकरा. फुलेवाडीत लाईट आहे, डास आहेत,
शेजारी पाटणकरांच्या टीव्हीवर कुणीतरी रडतंय.
मी पालथा, उशीवर फोन,
आणि तो म्हणतो: स्वागत आहे, लेथवाला.
तुम्ही एक हजार एकशे सहा दिवस आला नाहीत.

मोजलेत हरामखोरानं.
घरात कुणी मोजले नव्हते.

खाली लाल अक्षरांत:
अर्धा डाव सोडून गेल्याबद्दल दंड, पाचशे.
बरोबर आहे. गेलोच होतो.
उद्यमनगरात, मुजावर मालकांच्या शेडमध्ये,
दुपारच्या सुट्टीत, डबा धुऊन,
हुकूम इस्पिक, माझ्याकडं बदामाची दश्शी,
समोर भिडू, नाव ‘काजू चंदगड’,
आणि आतून हाक आली,
जरा प्रेसकडं बघ रे, अडकतोय.
फोन तसाच ठेवला स्टुलावर, उघडा.
म्हटलं, आलोच.

उजवा अंगठा आता पेरापाशीच संपतो.
बँकेतली बाई दर वेळी म्हणते,
दुसरं बोट द्या काका.

पानं वाटली जातात. तोच फर्रकन आवाज,
पत्ते नसलेल्या पत्त्यांचा.
डाव्या हातानं पान उचलतो मी,
म्हणजे नुसतं टेकवतो,
आणि सत्तीऐवजी राजा जातो.
समोरचा नवा भिडू कासव पाठवतो.
इथं बोलता येत नाही, आठ चित्रं आहेत फक्त:
कासव, टाळ्या, गुलाब, कपाळाला हात...
मी चहाचा कप पाठवतो.
तो निघून जातो. त्याच्या जागी कॉम्प्युटर बसतो.
बरा खेळतो तसा.

कोपऱ्यात एक डबी हलत असते. भेटी, तीस.
मित्राला रोज शंभर नाणी देता येतात,
हे मी विसरूनच गेलो होतो.
डबीत तीसच मावतात, जुन्या गळून जातात.
तीसच्या तीस काजू चंदगडकडून.
शेवटची गेल्याच्या गेल्या दिवाळीतली,
भाऊबीजेच्या रात्री, बारा वाजून चार मिनिटांनी.

म्हणजे वर्षभर तरी, वर काही महिने,
रोज, न चुकता,
स्टुलावर ठेवलेल्या एका फोनला
कुणीतरी शंभर शंभर देत होतं.
दवाखान्यात तालमीतली पोरं आठवडाभर आली.
मालक एकदा आले, केळी घेऊन.

कोण असेल? बाई असेल. शाळेतलं पोरगं असेल.
आंबोली घाटात ट्रक लावून
केबिनमध्ये पाय दुमडून झोपणारा असेल.
मला एवढंच ठाऊक,
की हुकूम तो उगाच खर्ची घालत नसे,
आणि त्याचा एक्का पडल्याशिवाय
मी माझी दश्शी कधी बाहेर काढली नाही.

त्याच्या नावापुढचा ठिपका राखाडी आहे.
मी शंभर पाठवतो.
दंड वजा जाऊन उरतात सत्तर.
सत्तरावर छोटं टेबल मिळतं, चालेल.

बाहेर गल्लीतून मोटारसायकल जाते,
गंगावेशीतून कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पिऊन
परतणारी पोरं, मोठ्यानं हसत.
‘झोपा आता,’ ही भिंतीकडं तोंड करून म्हणते,
‘पाचला पाणी यायचंय.’

उतारी माझी आहे.
वेळेची रेघ हिरवी, मग पिवळी.
समोर कॉम्प्युटर, तरी भिडूच.
मी किलवरची दुर्री टेकवतो, डाव्या हातानं,
या वेळी बरोबर तीच.

आलोच, म्हणतो हिला.
मग म्हणतो, नाही,
हा डाव संपू दे.