एकेचाळीस खोकले

खाली पिठाची गिरणी, वर मी.
भाडं कमी म्हणून खोली घेतली,
का कमी ते सोमवारी सकाळी कळलं.
आता भारनियमनाचा तक्ता भिंतीवर चिकटवलाय:
मंगळवार, शुक्रवार, सव्वाआठ ते साडेअकरा.
सगळं नंदुरबार शिव्या घालत ओट्यावर येतं
तेव्हा मी दार लावून घेते,
डोक्यावरून गोधडी ओढते
आणि बॅटरीवर, घामात निथळत,
दूरच्या कुणा कानांसाठी
थंडगार आवाजात म्हणते, नमस्कार.

मामा विचारतात, रेडिओचं काम करतेस
तर रेडिओत का नाहीस?
म्हणजे पगार का नाही.
मी सांगते, मी कार्यक्रम करून देते.
म्हणजे मंडपवाल्यासारखं?
हो मामा, तसंच.
लग्न त्यांचं, खांब माझे,
पैसे वरात गेल्यावर.

या खेपेला काम मिरचीचं होतं.
बावीस मिनिटं. मातीतला आवाज हवा,
असं पुण्याहून लिहून आलेलं.
पथारीवर गेले. लाल, इतकं लाल
की उन्हालाच चटका बसावा.
माइकला ओढणीचं टोक गुंडाळलं, वाऱ्यासाठी,
आणि जमनाबाईंच्या शेजारी बसले.
त्या देठं खुडत बोलत होत्या:
पाटीमागे किती मिळतात,
रात्री बोटांची आग
ताकाच्या वाटीत कशी निजवायची,
मुकादम कोणता बरा, कोणता तोंडावर बरा.
मध्येच थांबून माइककडे बघितलं,
"तुन्हं मशीन खोकला बी धरस का व, आंडेर?"
म्हटलं, सगळं धरतं.
हसल्या. हसताना खोकल्या.

पुण्याचं उत्तर: सुंदर! फक्त
खोकला फार आहे, साफ करून घ्या.

पडद्यावर खोकला कसा दिसतो सांगू?
बोलणं सातपुड्यासारखं, चढत उतरत जाणारं,
आणि मध्येच एकदम बाभळीचा काटा.
तीन रात्री बसून एकेचाळीस काढले.
भोकं बुजवायला पथारीवरची शांतता वापरली,
तीही मीच आणली होती,
दोन मिनिटं, कुणी न बोलता,
सुरतेकडची मालगाडी तेवढी वगळून.
शिवण कुठे दिसली नाही.
यालाच आमच्यात चांगलं काम म्हणतात.

भाग लागला. कौतुक आलं.
बिल पाठवलं, त्यावर काहीच आलं नाही.
नवव्या दिवशी फोन, मी कोकिळा,
जमनाबाईंची मोठी.
ऐकलं ताई सगळ्यांनी, गल्लीतले पण बसले होते.
छान शे.
मग चार सेकंद काही नाही.
(मोजायची सवय, जात नाही.)
पण ही आई नव्हे ना हो.
आई इतकी सलग कधी बोललीच नाही.
लहाना तर मोबाइल उलटा करून बघत होता,
आजी कुठंय म्हणून.

मी टाकत काही नाही.
'नको ते' नावाचं एक फोल्डर आहे:
चपला, कुकर, नेत्यांचे घसे,
एका कवीचं सॉरी सॉरी.
त्यातून एकेचाळीस उचलले,
एकापाठी एक लावले,
एक मिनिट त्रेपन्न सेकंद,
आणि कोकिळाला पाठवून दिले.
पाठवल्यावर वाटलं, हे काय केलं आपण.
कुणाच्या आईचा खोकला असा
गाठोडं बांधून परत करतात का?

दोन खुणा निळ्या झाल्या.
बराच वेळ वरती नुसतं
'रेकॉर्ड करत आहे', 'रेकॉर्ड करत आहे'.
मग आला, नऊ सेकंदांचा आवाज.

गिरणी ऐन भरात. हेडफोन दाबून धरले
तरी पट्टा दातांतून ऐकू येतो.
शुक्रवार चार दिवस लांब.

अडीच वर्षांत कधी बोलले नव्हते.
जिन्यात जाऊन ओरडले,
अशपाकभाई, नऊ सेकंद बंद करता का?
काय?
नऊ सेकंद!

पट्टा धापा टाकत थांबला.
खाली डबे घेऊन उभ्या बाया
पिठाळलेल्या उजेडात
वर बघायला लागल्या.