चाकाला तेल

रात्री अडीचला निखिलेशनं दार वाजवलं नाही,
ढकललं.
शाल्मली न्हाणीच्या उंबऱ्याशी बसलेली, ओठ पांढरे.
मला म्हणाली, "बाबा, तुम्ही नका बघू."
मी बघितलं नाही. गाडी काढली.

सुदामा नगरातून दवाखाना अकरा मिनिटं.
लाल दिव्याला मी थांबलो,
रिकाम्या चौकात, चाळीस वर्षांच्या सवयीनं,
आणि मागच्या सीटवरून कुमुद ओरडली
तशी ती लग्नापासून कधी ओरडली नव्हती.

वार सुटली, एवढंच कळलं.
सातवा लागून नऊ दिवस.

अशा वेळी पुरुषांना कामं देतात:
सह्या, पैसे, थर्मास.
माझ्या वाट्याला रक्त आलं.
ओ निगेटिव्ह. तीन हवं, पेढीत दोनच.

भंवरकुआँच्या कुठल्याशा होस्टेलातून
एक मुलगा आला, पायात स्लीपर,
खरगोनकडचा, पीएससीचा दुसरा प्रयत्न.
फॉर्मवर रकाना होता: रुग्णाशी नातं.
"क्या लिखूँ, बाबूजी?"
मला सुचेना. त्यानंच लिहिलं, भाई.
मग मूठ उघडत-मिटत पडून राहिला.
पैसे घेतले नाहीत. पोहे खाल्ले,
वरून जिरावण मागून घेऊन,
कारण सहा वाजले होते
आणि इंदूरला सहाला पोहे मिळतात,
काहीही झालेलं असो.

मुलगी होती.
नर्सनं हे मला आधी सांगितलं, निखिलेशला नंतर,
कारण दाराशी मी होतो.
नऊशे ग्रॅम, ती म्हणाली.
वीज मंडळात जन्मभर मी मीटर वाचले.
मान हलवली,
जणू आकडा बरोबर की चूक
ते मला ठरवायचं होतं.

शाल्मली वाचली.
फोनवर आम्ही सगळे हेच सांगतो,
आणि थांबतो,
समोरचा "देवाची कृपा" म्हणेपर्यंत.
ती स्वतः मात्र सांगत नाही.

चौथ्या दिवशी दूध आलं.
कुमुदनं मोगरा आणायला पाठवलं, पाव किलो, सुटा,
छातीवर बांधायला.
फुलवाल्यानं विचारलं, "घर में पूजा है?"
हो म्हणालो.
दोन दिवस घराला लग्नघराचा वास,
आणि कुणी खिडकी उघडेना, कुणी लावेना.

एक गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती.
सहाव्या महिन्यात मी माळ्यावरून
निखिलेशचा पांगुळगाडा काढला होता,
गाडीच्या कव्हरमागे लपवून
रोज थोडा पॉलिशपेपर मारत होतो.
एक चाक करकरायचं, त्याला
शिलाई मशीनचं तेल दिलं.

दुपारी सगळे झोपल्यावर परत वर न्यायला निघालो,
तर जिन्याशी ती उभी,
भिंतीला हात लावून.
बघत राहिली.
"बाबा, एकदा चालवून दाखवा."

मी चालवला.
कंबर वाकवून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत,
वळवून पुन्हा.

"आवाज नाही करत," ती म्हणाली.

मग खाली वाकून तिनं एक दांडी धरली.
टाके ओले आहेत, सोड, मी म्हणालो.
सोडली नाही.