खिशातली जेल

कळंब्याला एक जेल आहे,
माझ्या पाठीवरच्या खिशात सहा.
नवरा हसतो. म्हणतो, सुटका कधी?
मी म्हणते, दर पाऊण तासाला एकीची.

दांडीवर पांढरी पट्टी चिकटवलीय,
तिच्यावर बॉलपेननं वेळा:
पाच पन्नास, सहा पस्तीस, सात वीस.
खालच्या दोन मागच्या रविवारच्या घामात गेल्या.

नियम इर्शादचा.
भूक लागायच्या आधी खायचं,
तहान लागायच्या आधी प्यायचं,
लागल्यावर खाल्लंस तर ते नुसतं व्याज,
मुद्दल तसंच राहतं.
बागवान माणूस, लक्ष्मीपुरीत केळी विकतो,
हिरवा घड कधी पिवळा होणार
दिवस नाही, तास सांगतो.

मला मात्र उलटं शिकवलेलं.
आमच्यात भूक ही मागून यायची गोष्ट,
सगळ्यांची ताटं उचलल्यावर,
पातेली पाण्यात पडल्यावर.
भुकेआधी खाणाऱ्या बाईला
आमच्या गल्लीत एक शब्द होता.
तो इथं लिहीत नाही.

पहिली बालिंग्याच्या पुलावर.
दातानं टोक फाडायचं, पिळायचं,
चिकट बोट चड्डीला पुसायचं.
चव लिंबाची म्हणे,
भांड्याच्या साबणात असतं ते लिंबू.
दुसरी कोपार्ड्याच्या पुढं, उसाच्या ट्रॅक्टरमागं.
तिसरी कळ्यात,
तिथं हॉटेलात कट उकळत होता
आणि माझं पोट, जुनं कोल्हापुरी,
म्हणालं, हे काय भरवतीस मला?

चौथी घशाखाली गेलीच नाही.

असळज सुटलं की रस्ता उभा राहायला लागतो.
मांड्या रिकाम्या. हात थरथर.
दगडावरचा आकडा वाचला,
विसरले,
परत वाचला.
इर्शाद वळणावर पिवळा ठिपका, मग तोही नाही.
रडू आलं. कारण काहीच नव्हतं,
रक्तातली चमचाभर साखर संपली होती,
एवढंच.
आपलं शहाणपण, जिद्द, माहेरचं नाव,
सगळं त्या चमच्यात मावत होतं
हे चौवेचाळिसाव्या वर्षी कळलं.

डाव्या हाताला गुऱ्हाळ.
चुलवाणात चिपाडं धडधडत होती,
काहिलीवरची मळी काढत एक म्हातारा,
रंगराव खाडे, नाव मागाहून कळलं.
सायकल त्याच्या चिपाडांवर आडवी झाली,
तिच्याबरोबर मी.
कोण, कुठली, काही विचारलं नाही.
"खाल्लंय का काय?"

मी खिसा दाखवला. तीन शिल्लक.
त्यानं एक उलटीसुलटी केली, फाडली,
थेंब चिमटीत धरून बोटं अलगद लांब नेली,
तार येते का बघितलं.
"कच्चं उतरवलंय," म्हणाला.

मग स्टीलच्या तांब्यात काकवी,
वर कोमट पाणी,
आणि बाजूच्या डब्यातलं चिमूटभर मीठ.
मीठ कशाला, मी विचारलं.
"रातभर जाळापुढं बसायचं.
अंगातलं मीठ भुईवर सांडतंय,
परत भराय नको?"

वीस मिनिटं बसले.
पट्टीवरची एक वेळ आली आणि गेली, जाऊ दिली.
हळूहळू नावं परत आली:
हा सागवान, ती करंजी,
मी वैजयंता, आज शनिवार.

बावड्यात इर्शादचा दुसरा चहा चालला होता.
काय खाल्लंस? किती ग्रॅम?
तांब्याभर, म्हटलं.
त्याला ते वहीत लिहिता येईना.

उरलेल्या दोन उतरताना खाल्ल्या, वेळेवर.
पैसे मोजलेत, नव्वद रुपयांना एक.
कच्ची तर कच्ची.

घरी पोचले तेव्हा सगळ्यांची जेवणं व्हायची होती.
मी ओट्यापाशी उभी राहिले,
भातावर पांढरा रस्सा ओतला
आणि खायला लागले.
भूक अजून लागलेली नव्हती.