लाल गोल

सव्वीस शुभेच्छुक आहेत.
एकही आत यायला तयार नाही.

कन्ना चौक, दुडम फ्लेक्स, वरचा माळा.
मे महिन्यातले दुपारचे दोन.
पंखा फिरतोय, वारा कुणा दुसऱ्यालाच देतोय.
मी डावं बटण दाबून
पहिल्या शुभेच्छुकाला कॉलरला धरून उचलतो,
फोल्डरातून बाहेर काढतो,
अण्णांच्या वाढदिवसाच्या निळ्या आभाळापर्यंत
ओढत नेतो,
आणि तिथं, ऐन वेशीवर,
बाणाला लाल गोल फुटतो.
मधून तिरकी रेघ.
बोट उचललं की पोरगं परत फोल्डरात,
तसंच हसत, गॉगल न काढता.

काल येत होते.
काल एका बारशाच्या फ्लेक्सवर
मी अकरा पोपट सोडले,
एकही उडाला नाही.

चाळीस वर्षं ब्रशवर काढली.
राजेशम पेंटर, साखर पेठेत विचारा कुणालाही.
चुन्याची दोरी ताणून पत्र्यावर रेघ मारायची,
हात टेकेल तिथं रंग बसायचा.
चुकला तर रॉकेलचा बोळा.
तू कोण, कुठून आलास,
असं रंगानं कधी विचारलं नाही.

माउस बदलला.
लेयरचं कुलूप काढलं, कुलूप नव्हतंच.
फोटो झिपमध्ये होते, ते बाहेर काढले,
डेस्कटॉपवर उन्हात वाळत घातले.
कुणीतरी म्हणालं होतं एस्केप दाब, दाबलं.
बंद करून चालू केलं,
तेवढ्यात खाली जाऊन चहा घेतला,
वर आलो.
लाल गोल.
तेलुगूत एक शिवी दिली, मग मराठीत.
मशीनला दोन्ही कळत नाहीत.

अण्णांचा माणूस दोनदा येऊन गेला.
‘पेंटर, माझा फोटो जरा पुढं घ्या.’
पुढं काय बाबा,
आधी आत तर ये.

शेवटी शेजारच्या मोबाईल दुकानातून तरन्नुम आली,
हातात उघडा पडलेला कुणाचा तरी फोन,
दातात छोटा स्क्रूड्रायव्हर.
आयकॉनवर उजवं बटण दाबलं, काहीतरी वाचलं,
स्क्रूड्रायव्हर काढला.
‘चाचा, ॲडमिनिस्ट्रेटर करून ठेवलंय ह्याला. कुणी केलं?’

मालकाचा भाचा. प्रणीत.
काल संध्याकाळी. म्हणाला, पळेल आता.

‘सॉफ्टवेअर वरच्या पायरीवर बसलंय,
फोल्डर खालच्या.
खालच्याच्या हातचं वरचा घेत नाही.
विंडोजचा नियम आहे, माझा नाही.’

मला मिलचा लोखंडी जिना आठवला.
माझा बाप रजेचा अर्ज
खालच्या पायरीवर दगडाखाली ठेवून यायचा.
हे तिला सांगितलं नाही.
तिच्या दुकानात गिऱ्हाईक थांबलं होतं.

‘मग आता फोल्डरला पण ॲडमिन करायचं?’
‘नाही हो. ह्याला खाली उतरवा.’
खूण काढली. एवढीशी चौकोनातली खूण.
बंद केलं, साधं उघडलं.

आले.
पहिला आला, दुसरा आला,
बागवान आला, हत्तुरे आला,
ज्याच्या नावापुढं ‘युवा’ लिहायचंय
तो पन्नाशीचा माणूस आला.
मी एकेकाला धरत होतो, सोडत होतो.
बोट इतकं दुखायला लागलं
की अठराव्याला सोडायचं विसरून
मी त्याला अण्णांच्या चेहऱ्यावरून
तीन वेळा फिरवून आणलं.

रात्री बारा बाय आठ छापून गेला.
कोपऱ्यात मुंगीएवढं ‘राजेशम’ टाकलं,
पत्र्यावर टाकायचो तसं.

सकाळी अशोक चौकातून येताना पाहिला.
बांधणाऱ्यांनी डाव्या बाजूची सुतळी
थेट सव्विसाव्याच्या तोंडावरून घेतली होती.
टपरीला टेकून मी एक डोळा मिटला,
बोट वर केलं,
त्याला धरलं
आणि वीतभर उजवीकडं ओढलं.

नाही आला.
लाल गोलसुद्धा दिसला नाही.
चहावाला म्हणाला, काय पेंटर, कुणाला बोलावताय?