जायफळ

नोटा उतरवायचे मी, पैशांच्या नव्हे, सुरांच्या,
पानामागे तीन शिलिंग,
हॅरो रोडच्या खोलीत, मीटरमध्ये नाणं टाकलं तरच ऊब.
ऑस्रिक डिकोटो लिहायचा कशावरही:
बसच्या तिकिटावर, मासळीच्या कागदावर,
एकदा तर माझ्याच पावतीच्या पाठीवर.
सतरा पानांचे पैसे थकले होते तिच्यावर.

ग्रेनेडाचा. बाप जायफळाच्या वखारीत पोती शिवायचा,
आई जायपत्री वाळवायची.
पोरगा पोलिसांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट शिकला
आणि केळ्यांच्या बोटीतून साउदॅम्प्टनला उतरला
पांढऱ्या सुटात. फेब्रुवारीत.

ड्रमर ग्लासगोचा, ड्युगल्ड रेनी.
स्विंग त्याच्या मनगटातून आपसूक वाहायचं,
कॅलिप्सो म्हटलं की पायात पाय.
तीन तालमी फुकट गेल्या. चौथीला ऑस्रिकने ड्रमवर चादर टाकली,
त्याच्या हाती किसणी दिली, आणि एक जायफळ.
'वाजव.'
'काय?'
'किस. माझी आई किसते तसं. थांब, वास घे, मग पुढे.'
रेनीने शिव्या घातल्या, बोटं सोलून घेतली,
आणि पहाटे दोनला, रक्त चोखता चोखता,
त्याला सापडला तो उशीर:
पाय उचललेला असतो, टेकलेला नसतो, तेवढाच.
मला तो कागदावर कधी उतरवता आला नाही.
त्या जागी मी थोडी फट सोडायचे.

पेपरवाल्याने लिहिलं: धड ना जॅझ, धड ना बेटांवरचं.
ऑस्रिकने ते कात्रण माझ्या टेबलावर टाकलं,
पाठीमागे बासची नवी ओळ.
'आधी हे उतरव.'

एकोणीस वर्षं चाललं. मग हॉल बिंगोला गेले,
ट्रम्पेटवाला पोस्टात, रेनी कॅनडात,
ऑस्रिक रात्रपाळीला, बिस्किटांच्या कारखान्यात.
म्हणायचा, तिथला पट्टा तालात आहे, पण हट्टी.
गावी परत गेला नाही.
का, ते मी विचारलं नाही;
सतरा पानांचंही नाही.

मातीला रेनी आला, टोरोंटोहून, काठी टेकत.
ऑर्गन चालला होता सरळसोट, चार-चार-चार.
रेनीचा हात ओव्हरकोटाच्या खिशात.
आत काहीतरी खरखरलं.
थांबलं.
परत खरखरलं.

ऑर्गनवाला दचकला, चुकला,
आणि एकच मात्रा
बरोबर वाजवून गेला.