शिफ्टवरचा गोटा

उजवा हात जन्मापासून
छातीशी घडी करून बसलेला.
शाळेच्या दाखल्यात त्याला व्यंग लिहिलंय,
आई त्याला पाखरू म्हणायची.
डाव्या हाताची दोन बोटं तेवढी कामाची,
त्यातलं एक पावसाळ्यात संपावर जातं.

एवढ्या भांडवलावर मी ग्रामपंचायतीत
संगणक परिचालक झाले.
संगणक म्हणजे सरपंचाच्या सत्काराच्या शालीखाली
झाकून ठेवलेलं जुनं यंत्र,
सकाळी उठताना माझ्याइतकंच कुरकुरणारं.

क, ग, च, त, प
एका बोटाला वश.
ख, घ, झ, ठ, भ यांना मात्र
शिफ्ट दाबून धरावी लागते.
एक बोट इथे, एक तिथे,
आणि मधलं अंतर
माझ्या हातापेक्षा मोठं.
गुरुजी शिकवायचे, ही महाप्राण अक्षरं,
छातीतली हवा जास्त लागते.
हवा होती जी,
हात नव्हता.

मग वैनगंगेच्या काठावरून एक गोटा आणला,
लिंबाएवढा, काळा, एका अंगानं चपटा.
शिफ्टवर ठेवायचा, अक्षर दाबायचं, उचलायचा.
झिंगरू धोंडू घरडे, मृत्यू वृद्धापकाळाने.
म्हातारा एका श्वासात गेला होता,
माझ्याकडे त्याला दहा मिनिटं लागली.

संध्याकाळी मनगटात कळ यायची.
तेव्हा वाटायचं, कळफलक हा शब्द
कोणीतरी सोसलेल्या माणसानंच केला असावा.

सुखदेव नंदेश्वर आला
तो धानाच्या कापणीचा महिना.
पायाला चिखल, खिशात दवाखान्याचा कागद,
बारा दिवसांची पोरगी घरी.
बापाच्या नावातच दोनदा गोटा चढला, उतरला.
तो बघत होता.
पोरीचं नाव विचारलं
तर आधी माझ्या बोटाकडे बघितलं,
मग म्हणाला,
"सीमा लिवा, मॅडम. सोपं पडन तुमाले."

चार कळा. खरंच सोपं.
दया पचवायची मला सवय आहे,
चहासारखी, दिवसातून दोनदा.
पण ही पोरीच्या नावातून कापून आणलेली.
माझ्या हाताचा कर
त्या बारा दिवसांच्या जिवानं काहून भरावा?

"घरी काय ठरलं?"
"संघमित्रा."
"मंग तेच."

सं झाला. गोटा चढला, घ आला, गोटा उतरला,
मि, त्रा,
आणि जतन करायच्या आत लाइट गेली.
सुखदेव काही बोलला नाही.
बाहेर जाऊन बिडी पिऊन आला.

लाइट आली, रकाना कोरा.
गोटा उचलायला गेले तर निसटला,
टेबलाखाली, कपाटामागे, कुठे कोण जाणे.
सुखदेव ओणवा होऊन शोधू लागला
आणि मी रागानं हनुवटीच आपटली शिफ्टवर,
एक दोन तीन चार पाच.

यंत्र चिवचिवलं.
इंग्रजीतली एक खिडकी उघडली.
अडखळत वाचली. म्हणत होती,
दोन कळा एकदम जमत नसतील
तर एकामागून एक दाबल्या तरी चालेल. चालवू का?

चार वर्षं याच टेबलावर.
प्रशिक्षणं झाली, दोन साहेब येऊन गेले,
दिव्यांग दिनाला नारळ देताना फोटो निघाला.
कोणी सांगितलं नाही
की फक्त पाच वेळा चिडायचं असतं.

हो म्हटलं.
शिफ्ट दाबली. सोडली.
बोट सावकाश उचललं, पुसलं पदराला,
आणि यंत्र थांबून राहिलं,
ओळखीचा बंडीवाला थांबतो तसं,
हाक न मारता.
घ.

सुखदेव टेबलाखालून निघाला,
केसांना जाळं, हातात गोटा.
"घ्या मॅडम, गावला."
पडद्यावर त्याची पोरगी पूर्ण लिहून झालेली.
त्यानं ती वाचली, बोट न लावता,
ओठ हलवत.

जाताना म्हणाला,
"गोटा आता तुमाले कायले लागते? मी नेतो. पोरीले खेळाले होईन."

नाही दिला.
पंखा लावला की दाखले उडतात.